हात मागे ठेवणाऱ्या अक्का

अक्कांचे हात दिसेनासे झाले की समजायचं, काम सुरू झालं.

वर्गात शिरेपर्यंत त्या हातवारे करकरून बोलायच्या. रिक्षावाल्याशी, शाळेच्या शिपायाशी, फाटकात आडव्या पडलेल्या कुत्र्याशीसुद्धा. पण एखाद्या शिक्षिका कॉम्प्युटरसमोर बसल्या, की अक्कांचे दोन्ही हात पाठीमागे जायचे आणि उजवा हात डावं मनगट गच्च पकडायचा. मग समोर काहीही होवो. बाई भलतंच बटण दाबोत, पडद्यावरचं चित्र उलटं होवो, सकाळपासून केलेलं सगळं उडून जावो, अक्का तशाच उभ्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोलिसांनी धरून आणलंय.

आमचं काम म्हणजे शाळाशाळांतून जायचं आणि शिक्षकांना कॉम्प्युटर, प्रोजेक्टर आणि अलीकडे आलेले ते भिंतीएवढे काचेचे फळे वापरायला शिकवायचं. बेंगळुरूत आमची एक छोटी संस्था आहे. मी अजून तिथेच आहे. अक्का गेल्या वर्षी लेकीकडे म्हैसूरला राहायला गेल्या, म्हणजे आता म्हैसूरच्या शाळांची धडगत नाही.

अक्का हे काही त्यांचं नाव नव्हे, पण नावानं त्यांना हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नाही. घराणं मूळचं साताऱ्याकडचं. वडील सरकारी कारखान्यात नोकरीला म्हणून इथं आले, आणि अक्काही पुढे तशाच एका कारखान्यात इंजिनिअर झाल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. त्यांचं मराठी इथल्या जुन्या घरांतलं, कन्नड मिसळलेलं. ‘स्वल्प थांब गं,’ ‘सरी, सरी, पुढे बोल.’ पुण्याहून नव्यानं आलेली मंडळी ते ऐकून हसायची. अक्का त्यांच्या मराठीतले इंग्रजी शब्द बोटांवर मोजायच्या आणि दोन्ही हात संपले की म्हणायच्या, “आता तुझे हात दे.”

स्वतःबद्दल मी थोडं सांगते, कारण ते सांगायला मला आवडतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील होसकोट्याच्या एका कारखान्यात फिटर होते, आई चौथीपर्यंत शिकलेली. माझं बी.एस्सी.चं प्रमाणपत्र पुढच्या खोलीत देवांच्या शेजारी टांगलंय. वडिलांना इंग्रजी येत नाही, तरी येणाऱ्याजाणाऱ्याला ते वाचून दाखवतात. त्याच प्रमाणपत्राची प्रत घेऊन मी या संस्थेत अक्कांकडे मुलाखतीला गेले, आणि त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“आईला मोबाइल कुणी शिकवला?”

“मी,” मी ताठ बसून म्हणाले.

“व्हिडिओ कॉल लावता येतो तिला?”

“मी लावून देते ना.”

“म्हणजे तू लावतेस. शिकवला कुठं?”

मला राग आला, आणि मी राग गिळणाऱ्यांतली नाही. म्हटलं, “अक्का, आधी कागद तर बघा. माझ्या घरात हा पहिला कागद आहे.”

अक्कांनी चष्मा लावला. कागद हातात घेतला आणि वरपासून खालपर्यंत, विद्यापीठाच्या शिक्क्यासकट, सावकाश वाचला. मग म्हणाल्या, “सुंदर आहे. सांभाळून ठेव. आता घरी जा आणि आईला व्हिडिओ कॉल शिकव. फोनला तुझं बोट लागता कामा नये. जमलं की नोकरीवर ये.”

आठवडाभर आमच्या घरात महाभारत झालं. आई म्हणायची, “अगं मेले, एक बटण दाबायला तुझं काय जातंय?” मी हात काखेत दाबून बसायचे. आईनं गॅसवाल्याला फोन लावला, टॉर्च लावला, स्वतःच्या कानाचे फोटो काढले. आणि एका सकाळी मी बसस्टॉपवर उभी असताना माझा फोन वाजला. उचलला तर पडद्यावर आईचं कपाळ. नुसतं कपाळ आणि त्यावरचं कुंकू. आणि मागून आवाज, “दिसत्येय का गं मी? मी केला! मी एकटीनं केला!” मी स्टॉपवर अशी ओरडले की दोन माणसं बाजूला सरकली. तशीच उलटी रिक्षा पकडून मी अक्कांच्या दारात गेले. त्या कॉफी गाळत होत्या. म्हणाल्या, “कपाळच दिसलं ना? पहिल्यांदा सगळ्यांचं कपाळच दिसतं.”

हात मागे ठेवणं किती अवघड असतं, ते केल्याशिवाय कळत नाही. समोरचं माणूस तीन इंचांवरचं बटण सोडून सगळा पडदा धुंडाळत असतं आणि आपली बोटं वळवळत असतात. अक्कांकडे त्यावर उपाय होता. त्यांच्या पिशवीत कायम भाजलेल्या शेंगा असायच्या. आमच्यातला कुणी पुढे सरकला की त्याच्या ओंजळीत मूठभर शेंगा पडायच्या. “सोल.” शेंगा सोलणाऱ्या माणसाला माउस धरता येत नाही. प्रशिक्षण संपलं की वर्गात टरफलांचा ढीग व्हायचा, आणि त्या ढिगावरून अक्का ओळखायच्या, आज कुणाला किती खाज सुटली होती. माझा ढीग बराच काळ सगळ्यात मोठा असायचा.

शनिवारी बेळ्ळंदूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतली मुलं हौसेनं मदतीला यायची. त्यांतला पुण्याचा एक मुलगा मला चांगला आठवतो. गोड होता, पण तोंडात एकच वाक्य. “मॅडम, एकदम सोपं आहे. अगदी सोपं!” असं म्हणत त्यानं एका सातवीच्या बाईंसमोर पाच-सहा बटणं दाबली. बाई मान हलवत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी त्याला दिसत नव्हतं. अक्कांनी त्याला फळ्याजवळ बोलावलं आणि हातात खडू दिला.

“एक ओळ लिही. सरळ. मागच्या बाकापर्यंत वाचता आली पाहिजे.”

तो हसत लिहायला लागला. पहिला शब्द बरा आला. दुसऱ्यापासून ओळ नंदी टेकडी चढायला लागली. शेवटचा शब्द पार फळ्याच्या चौकटीत, आणि खडू मध्येच असा किंचाळला की सगळ्यांनी कान धरले. सातवीच्या बाईंनी पदरानं डोळे टिपले आणि मोठ्यानं म्हणाल्या, “अहो सर, एकदम सोपं आहे!” अख्खा वर्ग फुटला. तो मुलगाही हसला, हे त्याचं मोठेपण. नंतर तो दर शनिवारी यायचा आणि न सांगता शेंगा मागून घ्यायचा.

त्या दिवशी बसमध्ये अक्का मला म्हणाल्या, “‘सोपं आहे’ म्हटलं की समोरच्याला वाटतं, मला येत नाही म्हणजे मीच मूर्ख. हा शब्द आपल्या दुकानात ठेवायचा नाही.”

हे सगळं त्यांच्यात आलं कारखान्यातून. तिथं पहिल्यांदा कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आली, तेव्हा बसवायला आलेल्या इंजिनिअरांनी भराभर बटणं दाबून दाखवली, टाळ्या घेतल्या आणि ते निघून गेले. नुसत्या कानानं लोखंडाची जात ओळखणारे कामगार त्या यंत्रांना हार घालून लांब उभे राहिले. “नमस्कार करायचे गं यंत्राला,” अक्का सांगायच्या. “भीती वाटली की माणूस नमस्कार करतो. मला शाळांत तो नमस्कार नको.”

पण नमस्काराचा देश आहे आपला. आयुधपूजेला इथे बस, रिक्षा, शिवणयंत्र, लिफ्ट, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. एका शाळेत नव्या प्रोजेक्टरचीही पूजा झाली. पूजा करणाऱ्या बाईंना प्रश्न पडला, याचं कपाळ कुठलं? त्यांनी नीट निरखून पाहिलं आणि पुढच्या गोल काचेवर ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. सुट्टीनंतर प्रोजेक्टर लावला, तर सगळं चित्र लालसर आणि धुरकट, जसं काही वर्गात शेकोटी पेटलीय. कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं, यंत्र बदलावं लागेल. बाई रडकुंडीला आल्या. अक्का आणि मी पोचलो, आणि मला काचेवरचा टिळा दारातूनच दिसला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ओंजळीत शेंगा.

अक्का हात मागे बांधून म्हणाल्या, “शोधूया. डाग कुठं असेल?”

बायकांनी आधी पडदा पुसला. मग पडदा गुंडाळून मागची भिंत पुसली. मग कॉम्प्युटरचा पडदा पुसला. चित्र लाल ते लालच. माझ्या पायाशी टरफलं साचत होती. शेवटी त्याच बाई पुटपुटल्या, “चष्म्याला बोट लागलं की असंच दिसतं मला.” असं म्हणून त्या थबकल्या, वळल्या, प्रोजेक्टरसमोर वाकल्या आणि ओरडल्या, “अय्यो! मीच लावलंय!” मऊ फडक्यानं काच पुसली आणि भिंतीवर असा लख्ख भारताचा नकाशा उमटला की सगळ्या जणींनी टाळ्या पिटल्या.

“देवाच्या डोळ्यात कुंकू घालतं का कुणी?” अक्का म्हणाल्या. बाई हसून हसून खाली बसल्या. पुढे त्या शाळेतली सगळी यंत्रं त्याच बघायला लागल्या. दुसऱ्या शाळांतून त्यांना फोन यायचे, आणि त्या पहिला प्रश्न विचारायच्या, “काच पुसली का?”

आता मेष्ट्रूंची गोष्ट सांगते, कारण अक्का खऱ्या कशा होत्या ते मला तिथं कळलं.

देवनहळ्ळीच्या पुढे एक शाळा आहे. आजूबाजूची द्राक्षांची शेतं जाऊन प्लॉट पडलेत, आणि शाळेचे अध्यक्षही प्लॉटच्याच धंद्यातले. पांढरा कडक शर्ट, मनगटावर जाड सोनेरी घड्याळ, माणूस मनानं वाईट नाही पण घाईचा. त्यांनी प्रत्येक वर्गात काचेचा मोठा डिजिटल फळा बसवून घेतला, तोही जुना फळा झाकून. आणि फर्मान काढलं, शनिवारी प्रत्येक शिक्षकानं अध्यक्ष-विश्वस्तांसमोर या फळ्यावर धडा घ्यायचा. ज्याला जमणार नाही त्याच्या वर्गाला कंपनीचे तयार व्हिडिओ लावू.

दहावीचं गणित होतं मेष्ट्रूंकडे. मेष्ट्रु म्हणजे कन्नडमध्ये मास्तर. गावात पुष्कळ मास्तर होते, पण मेष्ट्रु म्हटलं की हेच. हातानं वर्तुळ काढायचे ते कंपासनं तपासावं असं. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. त्यांचा फळा काचेमागे गेला होता, आणि कडेला उरलेल्या वीतभर पट्टीवर ते बारीक अक्षरात गणितं सोडवत होते, जणू दुसऱ्याच्या घरात भाड्यानं राहतायत.

सोमवारी आम्ही गेलो तर ते मागच्या बाकावर बसले होते. “अक्का, माझ्यावर वेळ घालवू नका,” ते कन्नडमध्ये म्हणाले. “बाकीच्यांना शिकवा. माझं आयतु. झालं माझं.”

अक्का त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. यंत्राचं नावसुद्धा काढलं नाही. त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, तो विचारला. “मेष्ट्रु, इतकी वर्षं शिकवलंत. फळ्यानं तुम्हाला काय दिलं नाही?”

मेष्ट्रु भडकले. “फळ्यानं मला सगळं दिलं! दहावी काढून घेतली तर मी शाळेत येऊन करू काय? हजेरी घेऊ? घंटा वाजवू?” आणि उठून गेले.

मी म्हटलं, “अक्का, हे जमायचं नाही.”

“रागावला म्हणजे विचार करणार,” अक्का म्हणाल्या. “गप्प बसला असता तर मी घाबरले असते.”

मंगळवारी आम्ही फाटकातून आत येतोय तोवर मेष्ट्रु समोरून लगालगा चालत आले. ना नमस्कार, ना चमत्कार. “एक गोष्ट दिली नाही. फळा हलत नाही.”

“म्हणजे?”

त्यांनी तिथंच मातीत काठीनं अर्धवर्तुळ काढलं. खालची सरळ रेघ म्हणजे व्यास. वरच्या कमानीवर एक बिंदू घेतला, तो व्यासाच्या दोन्ही टोकांना जोडला. “हा कोन काटकोन. नव्वद अंश. बिंदू कमानीवर कुठंही घ्या, नव्वदच. मी फळ्यावर तीन ठिकाणी काढून दाखवतो. मुलं म्हणतात, सर, या तीन ठिकाणी असेल, बाकीच्या ठिकाणी कशावरून? मी सिद्धता देतो. पाठ करतात. पण डोळ्यांत दिसतं मला, पटलेलं नाही. तो बिंदू मला त्यांच्यासमोर चालवायचाय, अक्का!”

अक्कांचे डोळे असे चमकले! हात तिथंच, मैदानात, पाठीमागे गेले. “चला,” म्हणाल्या.

सुरुवात वाईट झाली. मेष्ट्रु काचेवर खडूसारखं दाबून लिहायचे आणि भलत्याच खिडक्या उघडायच्या. बोट लावायचे ते दूध तापलंय का बघावं तसं. मग त्यांनी एक रेघ ओढली, ती वाकडी आली, आणि आयुष्यभराच्या सवयीनं, विचार न करता, तळहाताच्या कडेनं ती पुसली.

आणि ती पुसली गेली.

मेष्ट्रु हाताकडे बघत राहिले. पुन्हा रेघ ओढली, पुन्हा तळहात फिरवला. गेली! त्या फळ्याला रुंद हात लागला की तो पुसतो, हे अक्कांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. पण मेष्ट्रूंना ते त्यांच्याच हातानं सांगितलं. “अरे, हा तर फळाच आहे!” ते ओरडले. “शिपाई, खिडक्या लाव, उजेड येतोय! हा फळाच आहे!” त्यानंतर त्यांना घरी पाठवणं कठीण झालं.

गुरुवारी आम्ही फळ्यातल्या भूमितीच्या प्रोग्रॅमवर आलो. त्यात काढलेली आकृती धरून हलवता येते. मेष्ट्रूंनी स्वतः वर्तुळ काढलं, व्यास काढला, कमानीवर बिंदू ठेवला. दोन रेघा जोडल्या. कोनाशेजारी आकडा उमटला, नव्वद. मग बिंदूवर बोट ठेवून त्यांनी तो सरकवला. तारेत ओवलेल्या मण्यासारखा बिंदू कमानीवरून घरंगळत निघाला, दोन्ही रेघा त्याच्यामागे ताणल्या, त्रिकोण चपटा झाला, उभा झाला, पुन्हा चपटा झाला, आणि आकडा जागचा हलला नाही. “नव्वद,” मेष्ट्रु म्हणाले. “नव्वद. नव्वद! बघा, नव्वद!” त्यांचा आवाज चढत गेला. मग बोट तसंच ठेवून आमच्याकडे वळले. “इतकी वर्षं मी मुलांना म्हणत होतो, विश्वास ठेवा. आज मीच पहिल्यांदा बघतोय.”

मनगटावरची अक्कांची पकड एवढी घट्ट होती की बोटं पांढरी पडली होती.

शनिवार उजाडला. दहावीच्या वर्गात, मुलं यायच्या आधी, पुढच्या बाकांवर अध्यक्ष, विश्वस्त, मुख्याध्यापिका. फळे विकणाऱ्या कंपनीचा टाय लावलेला माणूस कडेला उभा. अक्का आणि मी शेवटच्या बाकावर. मेष्ट्रु इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. वर्तुळ आलं. व्यास आला. बिंदू ठेवला. कोन दिसला, नव्वद. मेष्ट्रूंनी घाम पुसला आणि म्हणाले, “अध्यक्षसाहेब, या. तुम्हीच सरकवा. कुठंही न्या, नव्वदच राहील.”

अध्यक्ष उठले, बोट टेकवलं आणि सरकवलं. बिंदू कमान सोडून वर निघाला. आकडा घसरला. ऐंशी. सत्तर. साठ.

काय झालं ते मला लगेच कळलं. घाईत मेष्ट्रूंनी बिंदू कमानीला न अडकवता नुसता कमानीजवळ ठेवला होता. दिसायला रेघेवर, पण सुटा. तारेबाहेरचा मणी. एका टिचकीचं काम होतं.

“नव्वद म्हणालात ना?” अध्यक्षांनी विचारलं. कुणीतरी खाकरलं. टायवाला लगबगीनं पुढे निघाला. “सर, मी करून देतो.”

“बसा,” अक्का म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण तो बसला. मी अर्धी उठले होते. अक्कांनी माझा दंड धरला आणि मला खाली खेचलं. “अक्का, दहावी जाईल त्यांची!” मी कुजबुजले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या मेष्ट्रूंकडे बघत होत्या आणि मला पहिल्यांदाच दिसलं, त्यांनाही भीती वाटत होती.

मेष्ट्रु आकड्याकडे बघत उभे होते. मग बिंदूकडे. मग त्यांनी मान तिरकी केली, मुलाच्या वहीत चूक सापडल्यावर करतात तशी. आणि हसायलाच लागले.

“साहेब, यंत्र बरोबर आहे. तुम्ही हद्दीबाहेर गेलात!”

“काय?”

“ही कमान म्हणजे हद्द. तुम्ही बाहेर गेलात, कोन लहान झाला. आणखी बाहेर जा. बघा, पन्नास. आता आत या. या, या, हद्दीच्या आत या.” अध्यक्षांनी बोट खाली आणलं. साठ, ऐंशी, नव्वद, शंभर, एकशेवीस. “आत मोठा! बाहेर लहान! आता सांगा, नव्वद कुठं मिळेल?”

अध्यक्ष आयुष्यभर हद्दीचे दगड मोजत आलेले. ते फळ्याला नाक लावून बिंदू अगदी हळूहळू वर आणू लागले. बिंदू रेघेला टेकला.

“नव्वद!” अध्यक्ष ओरडले. “हद्दीवर नव्वद! नुसत्या हद्दीवर!”

“दुसरीकडे बघा,” मेष्ट्रु म्हणाले. “या टोकाला हद्दीवर आणा.” पुन्हा नव्वद. मग एक विश्वस्त उठले, मग दुसरे. मुख्याध्यापिकाबाई पदर खोचून आल्या. “ढकलू नका,” मेष्ट्रु दरडावले, “ओळीत या.” आणि ते सगळे खरोखर ओळीत उभे राहिले! मी शपथेवर सांगते, तयारी केलेल्या धड्यापेक्षा हा धडा दसपट भारी होता. नव्वद का, हे इतक्या वर्षांत मलाही कधी असं दिसलं नव्हतं, आणि मी बी.एस्सी. आहे.

घंटा झाली. दारात दहावीची मुलं गोळा झाली. अध्यक्ष अजून फळ्याजवळच होते. मुख्याध्यापिकांना म्हणाले, “दहावी मेष्ट्रूंकडेच राहू दे. व्हिडिओ-बिडिओ नकोत.”

मेष्ट्रूंचं तिकडे लक्षच नव्हतं. “साहेब, दहावी दारात उभी आहे,” ते म्हणाले. “बाकं मोकळी करा. माझा तास सुरू झाला.”

अध्यक्ष हसत निघाले. विश्वस्त निघाले. टायवाला म्हणाला, “सर, मी थांबतो, काही अडलं तर,” त्यालाही हातानं वाट दाखवली. मुलं धडाधड आत शिरली. अक्का मात्र शेवटच्या बाकावर तशाच बसलेल्या, हनुवटी हातावर टेकून, पुढचा धडा बघायला आतुर. मेष्ट्रूंची नजर फिरत फिरत त्यांच्यावर आली.

“अक्का, तुम्हीपण. इथं मुलं बसतात.”

अक्का उठल्या. पिशवी उचलून वर्गाबाहेर आल्या. मी मागोमाग. आत मेष्ट्रूंचा आवाज खणखणत होता, “कोण येतंय पुढे? कोण मला नव्वद मोडून दाखवतंय?” मला मनातून वाईट वाटलं. आठवडाभर ही बाई इतक्या लांब येऊन उभी राहिली, आणि साधे आभारसुद्धा नाहीत. मी अक्कांकडे बघितलं. त्या मैदानाच्या मधोमध थांबल्या होत्या, खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत.

“मला हाकललं!” अक्का म्हणाल्या. तोंडभर हसत होत्या, चष्मा नाकावर घसरलेला. “बघितलंस गं? मला हाकललं! अध्यक्षाला हाकललं, टायवाल्याला हाकललं, मला पण!”

फाटकापाशी त्यांनी शिपायाला सांगितलं. रस्त्यावर नारळवाल्याला सांगितलं, दोन्ही हात हवेत नाचवत. बस आली, आम्ही चढलो, आणि कंडक्टरनं बायकांचं फुकट प्रवासाचं शून्याचं तिकीट फाडून पुढे केलं, तर अक्का त्याला कन्नडमध्ये म्हणाल्या, “ठाऊक आहे का, मला आज वर्गाबाहेर काढलं!”

कंडक्टर तरुण होता. या पांढऱ्या केसांच्या बाईकडे बघून त्याला खरंच वाईट वाटलं. “अय्यो, अक्का! का? असं काय केलंत?”

“काहीच नाही!” अक्का म्हणाल्या. अख्ख्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, अभिमानानं. “मी काहीच केलं नाही!”